‘नाना’ लिहिलेलं पत्र आलं तर: माजी सैनिकांसाठी डिसॅबिलिटी पेन्शनची वाट

२०१२ साली चोवीस वर्षांची नोकरी संपवून मी हवालदार म्हणून घरी आलो. चार महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं. एक पान, सगळं इंग्रजीत. मुलीने वाचून सांगितलं, “पप्पा, तुमचा आजार मिलिटरीच्या नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही, असं म्हणतायत. क्लेम नामंजूर.” मी पत्राची घडी घातली, काळ्या ट्रंकेत डिस्चार्ज बुकाखाली ठेवली आणि ज्वारीच्या पेरणीला लागलो. सहा वर्षं ते पत्र तिथेच पडून होतं. माझा क्लेम पुढे ज्या चिठ्ठीवर उभा राहिला, तीही त्याच ट्रंकेत होती.

सरकारने नाही म्हटलं म्हणजे विषय संपला, असं मला वाटलं होतं. तालुक्यातल्या अनेक मेजरांना (आपल्याकडे हवालदार असो की शिपाई, सगळ्या फौजींना मेजरच म्हणतात) आजही तसंच वाटतं. त्यांचे कागद पाहत बसलो की दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. आजार कुठे आणि कधी सुरू झाला हे कागदावर नीट आलेलं नसतं, आणि पहिल्या नकारालाच माणूस घरी बसलेला असतो. या दोन्हींवर इलाज आहे. तो क्रमाने सांगतो.

१. आधी आपण कुठल्या रांगेत आहोत ते ओळखा

डिसॅबिलिटी पेन्शनसाठी दोन गोष्टी लागतात. आजार किंवा इजा सेवेमुळे झालेली असावी, म्हणजे अ‍ॅट्रिब्युटेबल. किंवा सेवेमुळे वाढलेली असावी, म्हणजे अ‍ॅग्रव्हेटेड. आणि मेडिकल बोर्डाने अपंगत्व २० टक्के किंवा जास्त धरलेलं असावं. आजार सेवेमुळे झालेला नाही आणि वाढलेलाही नाही, म्हणजे ‘नायदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रव्हेटेड’, असं बोर्डाने लिहिलं की त्याची इंग्रजी आद्याक्षरं जोडून ‘नाना’ होतं. पत्रात हा शब्द किंवा त्याचा विस्तार शोधा. नकाराचं मूळ बहुतेक तिथेच असतं.

तुम्हाला आजारामुळे मुदतीआधी बोर्ड आऊट केलं, की लो मेडिकल कॅटेगरीत (पूर्ण फिट नाही अशा नोंदीत) राहून पूर्ण नोकरी करून सुटलात, हे वेगळं पाहा. बोर्ड आऊट झालेल्या माणसाचं अपंगत्व २० टक्क्यांच्या खाली दाखवलं असेल, तरी ते २० च्या वर धरलं पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ साली सुखविंदर सिंग यांच्या निकालात म्हटलं. पूर्ण नोकरी करून सुटलेल्याला हा फायदा नाही. त्याचे १५ ते १९ टक्के असतील तर २०१९ च्या निकालाप्रमाणे मिळत नाही, हे स्पष्ट सांगतो, म्हणजे वकिलाची फी वाया जाणार नाही. स्वतःहून लवकर नोकरी सोडलेल्यांना पूर्वी दारातच अडवत. १ जानेवारी २००६ नंतर सुटलेल्यांसाठी ती अट सरकारने २००९ च्या पत्राने काढली.

पैशाचा हिशोब असा. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के डिसॅबिलिटी एलिमेंट मिळतं आणि टक्के कमी तसं ते कमी होतं. समजा शेवटचा धरण्यायोग्य पगार ४०,००० आहे. शंभर टक्क्यांना १२,००० आणि २० टक्क्यांना २,४०० बसतात. पण राउंडिंग ऑफचा नियम आहे. ५० च्या आतलं अपंगत्व ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि ७६ च्या पुढे १००. म्हणजे त्या २० टक्केवाल्याला २,४०० ऐवजी ६,००० बसतात, आणि त्यावर महागाई वेगळी. ही सवलत आधी फक्त बोर्ड आऊट झालेल्यांना देत. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती पूर्ण नोकरी केलेल्यांनाही लागू केली. डिसॅबिलिटी पेन्शन घेत असलेल्यांनीही आपले टक्के राउंड झालेत का ते आजच पाहावं.

लढाईत किंवा अतिरेक्यांशी चकमकीत जखमी झालेल्यांसाठी वॉर इंज्युरीचा दर वेगळा आणि जास्त आहे. त्यांनी साध्या डिसॅबिलिटीत समाधान मानू नये. अग्निवीरांना मात्र ही पेन्शन नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं तर १००, ७५ आणि ५० टक्क्यांना अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाखांची एकरकमी मदत आहे. तिथेही बोर्डाने सेवेशी संबंध मान्य करावा लागतो, म्हणून पुढचं सगळं गावातल्या अग्निवीर पोरांनाही वाचायला द्या.

२. सुटण्याची तारीख पाहून नियम ठरवा

डिस्चार्ज बुकातली तारीख बघा. २००८ च्या आधी सुटलेल्यांना १९८२ चे एन्टायटलमेंट रूल्स, त्यानंतरच्यांना २००८ चे आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे. नव्या नियमांत पूर्ण नोकरी केलेल्यांच्या रकमेला ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ म्हणतात. शेजारच्या मेजरचं अपील जसंच्या तसं उतरवून काढू नका. त्याची तारीख वेगळी असेल तर कलमं चुकतात.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. भरतीच्या वेळी तुमची तपासणी झाली होती आणि तेव्हा तो आजार नोंदलेला नव्हता, तर तो नोकरीत झाला असं धरायचं, आणि तो सेवेमुळे झाला हे सिद्ध करायची जबाबदारी दावेदारावर नाही. १९८२ च्या नियमांचा हा अर्थ सुप्रीम कोर्टाने जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या निकालात मांडला. ते सिग्नल कोअरमधले जवान होते आणि नऊ वर्षं नोकरी झाल्यावर फिट्स येतात म्हणून त्यांना घरी पाठवलं होतं. बोर्डाने नकाराचं कारण लिहिलं नसेल, नुसता शिक्का मारल्यासारखं ‘नाना’ लिहिलं असेल, तर तेही चालत नाही. अपिलात या निकालाचं नाव आलंच पाहिजे.

पण फार वर्षं थांबू नका. २००८ च्या नियमांप्रमाणे सुटून पंधरा वर्षं उलटली आणि कागद नष्ट झाले, की सिद्ध करायचं ओझं आपल्यावर येतं. ज्यांना पेन्शनच नाही त्यांचे सर्व्हिस डॉक्युमेंट २५ वर्षांनी नष्ट करतात. कमी नोकरीत बोर्ड आऊट होऊन हातात थोडे पैसे घेऊन परतलेली मंडळी यात सापडतात. गावात असं कुणी असेल तर आपण होऊन त्याच्या घरी जा. तो स्वतः येणार नाही.

३. कागद गोळा करा

हे एका जाड फाईलमध्ये, तारखेच्या क्रमाने लावा:

- डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर)
- रिलीज (सुटतानाच्या) किंवा इनव्हॅलिडिंग (बोर्ड आऊट करतानाच्या) मेडिकल बोर्डाची संपूर्ण प्रत, शेवटच्या सहीसकट
- भरतीच्या वेळच्या तपासणीचा कागद
- नोकरीतले सगळे री-कॅटेगरी बोर्ड आणि मिलिटरी हॉस्पिटलच्या अ‍ॅडमिट-डिस्चार्ज स्लिपा
- इजा असेल तर इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा निष्कर्ष
- कुठल्या साली कुठे होतो याची पोस्टिंगची यादी. फील्ड, हाय अल्टिट्यूड (उंचावरचं ठाणं), पीस (शांततेचं ठाणं) असं प्रत्येकासमोर लिहा
- नकाराचं पत्र, जमल्यास ज्या पाकिटातून आलं त्यासकट

बोर्डाची प्रत बहुतेकांकडे नसते. ती मिळवायला आपल्या रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज करा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महारचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. नौदलाच्या सेलर्सचं मानखुर्दला, हवाई दलाचं दिल्लीला. फी १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. इथे आपल्याकडचे लोक एक चूक हमखास करतात: तहसीलच्या सवयीने अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लावतात. तो राज्य सरकारच्या कार्यालयात चालतो. हे केंद्राचं काम आहे, त्यामुळे पोस्टल ऑर्डर जोडा किंवा केंद्राच्या आरटीआय पोर्टलवरून ऑनलाइन अर्ज करा. आणि अर्जात ‘माझी सर्व कागदपत्रे द्या’ असं मोघम लिहू नका. आर्मी नंबर, सुटल्याची तारीख आणि कुठल्या बोर्डाची प्रत हवी ते लिहा.

सिव्हिल हॉस्पिटलचा अपंगत्वाचा दाखला किंवा यूडीआयडी कार्ड इथे कामाला येत नाही. एसटीच्या सवलतीसाठी ते जरूर काढा, पण पेन्शनसाठी मिलिटरीच्या मेडिकल बोर्डाचे टक्के लागतात.

४. आजार कुठे सुरू झाला ते शोधा

इथे घाई करू नका, सबंध केस यावर उभी असते.

बोर्डाच्या फॉर्ममध्ये प्रत्येक आजारासमोर तो पहिल्यांदा कधी आणि कुठे दिसला हे लिहिलेलं असतं. मेडिकल ऑफिसरांच्या मार्गदर्शिकेत ब्लड प्रेशरसारखे आजार फील्डमध्ये, बंडखोरीविरोधी कामात किंवा उंचावर असताना सुरू झाले तर सेवेमुळे वाढले असं धरतात. पीस स्टेशनला सुरू झाले तर बहुतेक वेळा ‘नाना’. म्हणजे त्या एका रकान्यातल्या गावाच्या नावावर आयुष्यभराचे पैसे ठरतात.

माझ्या फॉर्ममध्ये पीस स्टेशन लिहिलेलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. बीपीचं निदान तिथेच झालं, पहिली गोळी तिथेच सुरू झाली. पण त्याआधी अडीच वर्षं मी फॉरवर्ड पोस्टवर होतो. डोकं दुखायचं, मान धरायची. एकदा एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, गेलो तर नर्सिंग असिस्टंटने पट्टा बांधून मोजलं आणि पेन्सिलीने एका चिठ्ठीवर लिहून दिलं: १५०/१००, ए. पी. सी. (दुखण्याची गोळी) दोन दिवस, ड्यूटीवर परत. ती चिठ्ठी मी का ठेवली देव जाणे. २०१८ मध्ये बायको ट्रंक उन्हात घालत होती, तेव्हा पे बुकाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात ती सापडली. पेन्सिल पुसट झाली होती, पण तारीख आणि युनिटचा शिक्का वाचता येत होता.

म्हणून सांगतो, ट्रंक खाली करा. पे बुकाचं कव्हर, जुन्या पासबुकांच्या पोटात, घरी पाठवलेली पत्रं. बायकोला लिहिलेल्या आंतर्देशीय पत्रात ‘आज एमआय रूमला गेलो होतो’ एवढं वाक्य असलं तरी ते जपून ठेवा. काहीच सापडलं नाही तर सोबतचे दोन जण शोधा आणि त्यांची प्रतिज्ञापत्रं घ्या. चिठ्ठीच्या तोलाचं वजन त्याला नसतं, पण कोऱ्या फाईलपेक्षा बरं.

हृदयविकाराचं प्रकरण असेल तर झटका येण्याआधीच्या १४ दिवसांत काय ड्यूटी होती, हे पाहतात. रात्रीचे गार्ड, बीपीईटी (धावण्याची वगैरे शारीरिक चाचणी), एक्सरसाईज, लाँग मार्च. युनिटने तो तक्ता भरून दिलाय का आणि त्यात नुसतं ‘नॉर्मल ड्यूटी’ लिहून मोकळे झालेत का, ते बघा.

इजेच्या बाबतीत सुट्टीवरचा अपघात हा कायमचा वाद आहे. ड्यूटीवर जाता-येतानाच्या प्रवासातला अपघात आणि गावी विहिरीवर मोटर चालू करताना झालेला अपघात यांत फरक करतात. दुसऱ्या प्रकारात सेवेशी संबंध दाखवणं फार अवघड जातं; मी कुणाला खोटी आशा लावत नाही.

५. अजून नोकरीत असाल तर रिलीज बोर्डाच्या दिवशी सांभाळा

त्या दिवशी माणूस मनाने घरी पोहोचलेला असतो. माझं सामान बांधून झालं होतं. टेबलाशी फॉर्म पुढे सरकवून “मेजर, यहाँ साइन” एवढंच ऐकू आलं आणि मी तीन ठिकाणी सही केली. काय लिहिलंय ते वाचलं नाही.

त्या फॉर्ममध्ये तुमचं स्वतःचं निवेदन असतं. भरतीआधी हा त्रास होता का, असा प्रश्न त्यात असतो. घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असंही विचारतात. खरं तेच सांगा, पण विचारलं तेवढंच सांगा. ‘लहानपणी कधीतरी चक्कर यायची’ असं गप्पांच्या ओघात बोललेलं वाक्य फॉर्मवर चढलं, की पुढे तेच तुमच्याविरुद्ध वाचून दाखवतात. आजाराबद्दल आणखी काही सांगायचं आहे का, या रकान्यात फील्डची सालं आणि ठिकाणं लिहायला सांगा. वाचता येत नसेल तर शिकलेल्या सोबत्याला शेजारी उभं करा. सहीआधी प्रत मागा. ती नाही मिळाली तर घरी पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात आरटीआय टाका.

आणि कॅटेगरी लपवू नका. प्रमोशन अडेल, कोर्सला पाठवणार नाहीत, म्हणून गुडघा किंवा कान दाबून ठेवणारे आपल्यात खूप आहेत. वीस वर्षं तोफेजवळ काढून कानाची एकही नोंद नसलेला मित्र मला माहीत आहे. टीव्हीचा आवाज घर हलेल एवढा ठेवावा लागतो, पण शेप-वन, म्हणजे कागदोपत्री पूर्ण फिट, सुटला. त्याच्या फाईलमध्ये मला बोट ठेवायला जागाच सापडली नाही.

६. अपील करा

नकाराचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत करायचं. साध्या कागदावर चालतं. वरच्या फाईलमधले कागद जोडा, पोस्टिंगची यादी लावा, धरमवीर सिंग निकालाचा उल्लेख करा आणि नव्याने अपील मेडिकल बोर्ड घ्यावं अशी मागणी करा. स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती फाईलला टाचून ठेवा. तेही नामंजूर झालं तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं अपील.

मुदत गेली असेल तरी पाठवा; उशिराचं कारण खरं खरं लिहा. पत्र इंग्रजीत होतं, कुणी समजावून दिलं नाही, हे कारण लिहायला लाजू नका. मीही तेच लिहिलं होतं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहून देणारं कुणी ना कुणी असतं. शिवाय जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली आहे. तिच्यात सैनिक कल्याण कार्यालयांत कायदेशीर मदत केंद्रं उघडायची आहेत. आपल्या जिल्ह्यात चौकशी करा. ‘एवढे टक्के मला द्या, दिल्लीहून मंजूर करून आणतो’ म्हणणाऱ्या एजंटाला डिस्चार्ज बुक देऊ नका. मूळ कागद एकदा हातातून गेला की परत मिळवताना दमछाक होते.

७. न्यायाधिकरणात जाणं

२००७ च्या कायद्याने फौजींसाठी सशस्त्र दल न्यायाधिकरण झालं. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचं खंडपीठ मुंबईला आहे. शेवटच्या नकारापासून सहा महिन्यांत तिथे अर्ज करता येतो. अपील करून सहा महिने झाले आणि उत्तरच आलं नाही, तरी दार उघडं होतं. उत्तराची वाट पाहत वर्षं घालवू नका.

उशिरा गेलेल्यांना आत घेतात, कारण पेन्शन दर महिन्याला थकत असते. पण थकबाकी बहुतेक वेळा अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच देतात. २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून हे चालत आलंय. मी २०१८ ला गेलो, त्यामुळे २०१५ पासूनचं मिळालं. त्याआधीची तीन वर्षं त्या ट्रंकेत गेली.

वकील असा घ्या ज्याने सर्व्हिस मॅटर चालवलेत. तालुक्याच्या कोर्टातला ओळखीचा वकील कितीही हुशार असला तरी रिलीज बोर्डाचा फॉर्म त्याने पाहिलेला नसतो. पहिल्या भेटीत त्याला विचारा, ‘यातला ऑनसेटचा (आजार सुरू झाल्याचा) रकाना कुठला?’ उत्तरावरून कळेल.

माझा निकाल माझ्या बाजूने लागला. ३० टक्के, राउंड करून ५०. पण निकालानंतरही सरकार हायकोर्टात जाऊ शकतं. आदेशाची मुदत संपूनही पैसे आले नाहीत तर त्याच न्यायाधिकरणात अंमलबजावणीचा अर्ज करावा लागतो. वकिलाशी फी ठरवताना हे काम त्यात धरलंय का, ते आधीच विचारा.

८. मंजुरीनंतर स्पर्शमध्ये तपासा

आता पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाइन पोर्टलवरून येते आणि नवा किंवा दुरुस्त पीपीओ प्रयागराजहून निघतो. लॉगिन करून पीपीओ डाउनलोड करा आणि चार गोष्टी ताडून पाहा: टक्के राउंड केलेत का, कुठल्या तारखेपासून, किती काळासाठी, आणि शेवटचा पगार बरोबर धरलाय का. काळाच्या रकान्यात आयुष्यभर असं नसेल तर तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुन्हा बोर्डाला जावं लागेल. चूक दिसली तर स्पर्शवरच तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर फाईलला लिहा. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला चुकवू नका.

पीपीओवर बायकोचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का, तेही त्याच बैठकीत बघा. आपल्याकडे माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असतंच. केस चालू असताना माणूस गेला तर वारसांना ती पुढे चालवता येते आणि थकबाकी त्यांना मिळते, पण फाईल कुठे आहे हे घरात माहीत असलं पाहिजे. माझी ट्रंकेच्या वरच्या कप्प्यात आहे, निळ्या पिशवीत. किल्ली कुठे ते बायकोला आणि मुलीला, दोघींनाही दाखवून ठेवलंय.